सात अंगांचा नमस्कार

जुने शहर, अकोला
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. 'साष्टांग' लिहायची आपल्या घरची रीत आहे, पण आठ अंगांत पायही येतात, आणि माझा डावा पाय तुला सध्या वर्ज्य आहे. तेव्हा हा सात अंगांचा घे.

इकडे सगळं ठीक. ताराचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. एरवी पितृपक्षात मला श्वास घ्यायला फुरसत नसते. यंदा आहे. तुझं मत अमरावतीहून अकोल्याला तुझ्या पत्राच्या आधीच पोचलं, त्यामुळे श्राद्धाला मला कोणी बोलावलेलं नाही. फोन केला असता, पण तू कानातलं यंत्र डबीत ठेवतोस आणि मग इंदूवहिनीला माझं एकेक वाक्य तुझ्या कानाशी ओरडावं लागतं. आज जे लिहायचं आहे ते तिनं ओरडावं असं नाही.

तुझं पत्र मिळालं. 'परस्त्रीच्या नाळेचा अंश तू देहात घेतलास. प्रायश्चित्त होईपर्यंत अष्टमीच्या कुळाचाराला देवघराचा उंबरा ओलांडू नयेस, असे भाऊबंदांचे मत पडले.' भाऊबंदांचं मत पडलं म्हणतोस. ते उचलून कोणी धरलं, तेही लिहायचं होतंस.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. मी प्रायश्चित्त घेणार नाही. आणि अष्टमीला येणार आहे.

आता झालं काय ते नीट ऐक. यंदा वैशाखात चुलत्यांच्या मनोजच्या मुलाच्या मुंजीत मी तुला सांगायला गेलो, तेव्हा मांडवात बँड वाजत होता, यंत्र डबीत होतं, आणि तुझ्या कानात 'नाळ' एवढाच शब्द शिरला. त्याच्या पुढचं-मागचं तू ऐकलंच नाहीस.

गेल्या वर्षीचा मे. अकोल्याचा मे तुला ठाऊक आहे, कावळासुद्धा तारेवर बसण्याआधी विचार करतो. मारुतीच्या देवळात अनुष्ठान होतं. मी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. फरशी तापली आहे हे मला कळलंच नाही. साखरेच्या आजारानं तळपायाची जाणीव कधी नेली, तेही कळलं नव्हतं. घरी आलो, पाय धुतले, आत गेलो, तर मागून तारा म्हणाली, "अहो, कुंकवाचं पाणी कुठं तुडवून आलात?"

फरशीवर लाल पावलं उमटली होती. एकाच पायाची. टाचेची कातडी पापडासारखी सुटून आली होती, दादा, आणि मला खडा टोचल्याएवढंही दुखत नव्हतं.

ती जखम भरेचना. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, कोणी हळद सांगितली, कोणी मध. लिंबाच्या फोडीएवढी होती ती निम्मा तळवा खाऊन बसली. मी धोतराच्या सोग्याखाली पाय दडवून पूजेला बसायचो. धूप जळतोय तोवर भागून जायचं. आरती झाली की यजमानीण पदर नाकाशी नेई आणि मी ते न पाहिल्यासारखं करी. मग एकेकाचे फोन येऊ लागले. "गुरुजी, तुम्ही जरा आराम करा. यंदा दुसऱ्यांना सांगितलंय." आराम या शब्दात इतका अपमान मावतो हे मला या वयात कळलं.

जठारपेठेतल्या एका डॉक्टरांनी घोट्याच्या वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून काढावा लागेल."

मी म्हणालो, "काढू देणार नाही."

"मग जीव जाईल."

"जाईल तो दोन्ही पायांनी चालत जाईल."

बाहेर आल्यावर तारा भर रस्त्यात माझ्यावर ओरडली. लग्नानंतर पहिल्यांदा. "तुमचा बाणा ठेवा तुमच्यापाशी! चालत जाणार म्हणे. मी काय करू मागं राहून?" रिक्षावाला तोंड फिरवून उभा राहिला. पण ती नुसती ओरडून थांबली नाही. चार ठिकाणी विचारपूस करून तिनं शोधून काढलं की इथंच एका रुग्णालयात अशा न भरणाऱ्या जखमांसाठी नव्या उपचाराची चाचणी सुरू आहे.

तिथल्या डॉक्टर वर्षाली. वयानं लहान, बोलणं सरळ. त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं. बाळंत झालेली एखादी आई आपल्या राजीखुशीनं बाळाची नाळ देते. एरवी ती दवाखान्याच्या कचऱ्यात जाते. ती तपासून घेतात, तिच्यातल्या मूळपेशी, स्टेम सेल म्हणतात त्या, वेगळ्या काढून वाढवतात, जेलमध्ये मिसळतात आणि जखमेवर लावतात.

"म्हणजे त्या बाईची कातडी मला येणार?" मी विचारलं.

"नाही, गुरुजी. कातडी तुमचीच येईल. तुमच्या जखमेतल्या पेशी थकून झोपल्यात. या त्यांना हाका मारून उठवतात आणि थोड्या दिवसांत स्वतः नाहीशा होतात."

"नक्की गुण येईल?"

"नक्की ठाऊक असतं तर चाचणी कशाला केली असती? आणि आणखी एक सांगते. अर्ध्या लोकांना पेशींचा जेल मिळेल, अर्ध्यांना साधा. कोणाला कोणता, ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. सगळ्यांचं पूर्ण झाल्यावरच ते उघड होईल."

मी हो म्हणालो. जेल कोणता होता ते देव जाणे, पण बाकीचं सगळ्यांना सारखंच होतं. जखम साफ करायचे, मेलेलं मांस काढायचे, टाचेवर भार पडू नये म्हणून बूट दिला, साखर आवळून धरली. आणि एका सकाळी पट्टी सोडली तर जखमेच्या कडेला गुलाबी रेघ. बारीक, नव्या पालवीच्या रंगाची. डॉक्टरांनी ताराला जवळ बोलावलं. तारानं पाहिलं आणि तिथल्याच स्टुलावर बसून पदरात तोंड घालून रडली. मग ती रेघ रोज आत आत सरकत गेली. यंदाचा आखाड संपता संपता जखम मिटली.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो.

त्या पेशी माझ्यात उरलेल्या नाहीत. कदाचित आल्याही नसतील. एवढंच कळवून थांबलो असतो तर मी आजच शुद्ध झालो असतो. मनोज फोनवर तेच म्हणाला, "हरीभाऊ, तेवढं सांगून टाका ना, विषय संपवा." मी त्या सबबीवर सुटणार नाही. त्या उरल्या असत्या, टाचेपासून टाळूपर्यंत माझ्यात भरून राहिल्या असत्या, तरी मी हाच हरिहर असतो आणि हेच मंत्र म्हटले असते. तू मला पंचगव्य घ्यायला सांगतोस. गाईचं शेण अन् मूत्र पोटात गेलं की मी पवित्र, आणि एका आईनं आपणहून दिलेलं टाचेला लागलं की अपवित्र? दादा, जन्मभर मी लोकांची बारशी करत आलो. नाळेवाचून आलेलं एकही बाळ माझ्यापुढं कोणी ठेवलं नाही.

भगवंत तुला आठवत असेल, मूर्तिजापूरकडचा, फुलांच्या मळ्याचा. जुन्या शहरात त्याचं हारांचं दुकान आहे. सगळ्या यजमानांनी मला आराम दिला, यानं नाही दिला. "महाराज, तुमी पाय बरा करा. सत्यनारायण मी थांबवून ठेवतो. देवाले काय घाई हाय?" आणि खरंच थांबला. श्रावणात मी त्याच्या घरी पूजा सांगितली. बसण्याआधी त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, पायाचं सगळं सांगितलं. मागून कानावर जायला नको. म्हातारी हार ओवत होती. सुईवरची नजर न काढता म्हणाली, "कोन्या तरी मायनंच देली ना? मंग तिच्या लेकराच्या नावानं दोन फुलं जास्तीची वाहा. मले काहून पुसता?"

वाहिली. नाव माहीत नव्हतं, तरी वाहिली.

बाकी तुझं कसं? अंबादेवीला रोज पायी जायचास, हल्ली जात नाहीस म्हणे. घरात अगरबत्त्या फार लावतोस म्हणे. आणि या उकाड्यात मोजे घालून बसतोस. झोपतानाही काढत नाहीस. वहिनीला धुवायलाही देत नाहीस.

इतकं लिहिलं ते सगळं याच्याभोवती घिरट्या घालत लिहिलं. वहिनीनं मला फोन केला होता. ती रडत होती. तिच्यावर चिडू नकोस, तिनं दुसऱ्या कोणाला सांगायचं? तिला उजव्या मोज्यावर डाग दिसला. तुला विचारलं तर तू जेवता जेवता पानावरून उठलास.

दादा, मला देवघराबाहेर ठेवायचं पत्र लिहीत होतास तेव्हा तुझा स्वतःचा पाय मोज्यात सडत होता का?

असेल, तर मला भाऊबंदांचं काही ऐकायचं नाही, तुझंही नाही. नाळ लावून घेऊ नकोस. तुला चालत असेल ते लाव. पण डॉक्टरला दाखव. मोजा काढ.

तू काढला नाहीस, तर अष्टमीला मी येऊन काढीन.

तुझं ऐकत नसलेला धाकटा भाऊ,
हरिहर


जुने शहर, अकोला
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. नवा बूट घालून तू अंगणात फेऱ्या मारतोस हे अद्वैतनं कळवलं. बूट कुरूप आहे ही तुझी तक्रारही कळवली. पोरगा बापाचं सगळं कळवतो. बूट कुरूपच आहे. घाल.

वहिनी म्हणते, अष्टमीचं तुला काही आठवत नाही. तापात होतास. लोक तुला आपापल्या सोयीचं सांगत असतील, म्हणून मी पाहिलं ते लिहितो.

मी आणि तारा सकाळच्या बसनं निघालो. तुझ्या दाराशी पोचलो तेव्हा ओसरीवर चपलांचा ढीग पडलेला. मनोज सोवळं नेसून दारातच उभा होता.

"हरीभाऊ, बाहेर बसा ना. काहून तमाशा करता सणाच्या दिवशी?"

"दादा कुठाय?"

"पूजेला बसलेत. जरा कणकण आहे अंगात, बाकी ठीक."

मी त्याला हातानं बाजूला सारला. आयुष्यात मी कोणाला असा हात लावला नव्हता. देवघराच्या उंबऱ्याशी सगळे एकदम बोलू लागले. कोण काय म्हणालं ते मी ऐकलं नाही, आणि आता आठवूनही बघणार नाही. तू पाटावर भिंतीला टेकून बसला होतास. ओठ हलत होते, पण मंत्र पुढं सरकत नव्हता. एकाच ओळीवर फिरत होतास. तू! तुझा पाठ कधी अडला नव्हता. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मी तुझ्यापुढं बसलो आणि उजवा मोजा ओढला. तो निघेना. मांसाला चिकटला होता. तारा माझ्या मागून आत आली, तिनं पंचपात्र उचललं आणि त्यातलं पूजेचं पाणी तुझ्या पायावर ओतलं. कोणीतरी "अहो वहिनी!" म्हणून किंचाळलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. मोजा भिजला, सुटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. वास आला तशी खोली रिकामी होत गेली. माझी भरलेली टाच ज्यांना चालत नव्हती, ते तुझी बोटं पाहून पार अंगणात गेले.

तुला मात्र मी ओळखू आलो. म्हणालास, "हरी, दुखत नाही रे."

मी त्या शब्दांनीच घाबरलो. मलाही दुखलं नव्हतं.

अर्धी पूजा टाकून यजमानाला उठवायचं कसं, असं बाहेरून कोणी म्हणालं, तेव्हा वहिनी इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली. "राहू द्या अर्धी. देवी कुठं चालली नाही. हे चाललेत." अद्वैतनं गाडी काढली. आणि हे लिहिलंच पाहिजे, की तुला उचलायला सगळ्यांत आधी मनोज पुढं आला. सोवळ्यासकट. रस्ताभर तुझा पाय त्यानं मांडीवर धरला होता.

दोन बोटं गेली. पाऊल राहिलं. डॉक्टर वर्षालींना मी लगेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, चाचणीत नवीन माणसं घेणं थांबलंय, आणि तुझ्या पायाला मुळात रक्तच पोचत नव्हतं. ते आधी पोचवायला हवं, नाहीतर कोणत्याही पेशी काय करणार? ते तुमच्या अमरावतीच्या डॉक्टरांनी केलं. तुझी जखम साध्या उपचारांनी भरते आहे, नाळेवाचून. त्याचं तुला समाधान असेल तर मलाही आहे. मला तुझा पाय हवा होता. तो कशानं राहिला याचा वाद मी कधीच घातला नव्हता.

आता तुझं परवाचं पत्र. 'चाचणी संपली असल्यास तुला कोणता जेल मिळाला ते विचारून घे. साधा निघाल्यास प्रश्नच मिटतो. भाऊबंद तयार आहेत, मनोज तर आग्रहच धरतो. चैत्रातल्या नवरात्राला ये.'

तू हे मायेपोटी लिहिलंस, कळतं मला. लहानपणी मी पाठ म्हणताना अडलो की वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून तू खोकायचास आणि खोकल्याच्या आड पुढचा शब्द मला सांगायचास. आताही तू खोकतोच आहेस. मला पुढचा शब्द सुचवतो आहेस. 'साधा' म्हण, हरी, आणि सुटून जा.

सोमवारी डॉक्टर वर्षालींनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. चाचणी उघडली. पेशी मिळालेल्यांत जास्त लोकांच्या जखमा भरल्या, सगळ्यांच्या नाही. साधा जेल मिळालेल्यांतही काहींच्या भरल्या. एकाचा पाय शेवटी काढावा लागला, तोही तिथं आला होता, कुबड्या घेऊन. डॉक्टर म्हणाल्या, आणखी मोठी चाचणी करावी लागेल, एवढ्यावरून छातीठोक बोलता येत नाही. मग एकेकाला आत बोलावलं.

"गुरुजी, तुमचं ऐकायचंय?"

मी "सांगा" म्हणालो. त्यांनी सांगितलं.

मला कोणता मिळाला ते मला ठाऊक आहे. ताराला ठाऊक आहे. तुला सांगणार नाही. मनोजला नाही, भाऊबंदांना नाही, कोणालाच नाही. भगवंतानं विचारलं नाही, तो विचारणारही नाही.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी हरकत नाही. साधा होता असं मी म्हटलं की तुम्ही दार उघडाल. मग उद्या ज्याला खरोखर नाळेनंच तारलं असा कोणी त्याच दारात उभा राहील, आणि तुम्ही त्याला माझं नाव सांगून परत पाठवाल. मी तुमची सोय व्हायला तयार नाही. आणि पेशींचा होता असं म्हटलं तर पंचगव्याचा तांब्या पुन्हा निघेल. मी कोणत्याही उत्तरावर आत येणार नाही, दादा. आपल्या आईच्या पोटी जन्मलो, एवढ्यावर येणार आहे.

या गावात मला पुन्हा बोलावणी येऊ लागली आहेत. सगळी नाहीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांची उद्यापनं दोन-तीन घरी आहेत. जे बोलावतात त्यांना मी आधी पायाचं सांगतो, मग संकल्प सोडतो. एक यजमान ऐकून परत गेला. जाऊ दे. तारा म्हणते, तुम्ही हल्ली पूजेपेक्षा भांडायलाच जाता. तसंही असेल.

पाय रोज वहिनीला दाखव. डाव्या पायाचा तळवाही दाखव, तोही तुझाच आहे. बूट काढून देवळात जाऊ नकोस. अंबादेवीला बाहेरून हात जोडलेस तरी पोचतात. यंत्र कानात घाल.

चैत्रात मी येईन. तारालाही आणीन. वडील मला बसवायचे तिथं, तुझ्या डाव्या हाताला बसेन. गेल्या वेळी मला अडवायला तू शुद्धीवर नव्हतास. या वेळी अडवायचं असेल तर स्वतः उंबऱ्याशी उभा राहा, माझ्या डोळ्यांत बघ, आणि शुद्धीवर राहून अडव.

तुझाच, आहे तसा,
हरिहर